दहापैकी साडेपाच

आमच्या लंडनमधल्या हाउन्सलोच्या घराचं दार उघडलं की आधी बॅगांची ठेच लागे. त्या आमच्या नसत, लोकांच्या असत. महाराष्ट्र मंडळातलं कुठलंही कुटुंब भारतात निघालं की विमानतळावर जाण्याआधी आमच्याकडे येई, कारण बाबा कार्गो शेडमध्ये वजनकाट्यावर कामाला होते आणि जिन्याच्या कठड्याला त्यांनी एक स्प्रिंगचा काटा टांगून ठेवला होता. बॅग आकड्याला अडकली की स्प्रिंग करकरे, बाबा चष्मा कपाळावर सरकवून काट्याला नाक लावत आणि निकाल सांगत, "साडेतेवीस. अर्धा किलो काढा." मग आमच्या जिन्यावरच बॅग उघडायची आणि नवरा-बायकोंची भांडणं सुरू व्हायची. तुमच्या आईचं स्वेटर राहू दे, नाही, तुझ्या भावाचा शाम्पू राहू दे. "सावंतभाऊजी, अर्ध्या किलोला कोण विचारतंय?" असं कुणी म्हटलं तर बाबा नुसते काट्याकडे बोट दाखवत. त्यांच्या काट्यावरून गेलेली बॅग पुढे कुणी अडवली नाही. काढलेला अर्धा किलो मात्र आमच्याकडेच राही. माझ्या लहानपणी आम्ही कधी बिस्किटं विकत आणल्याचं मला आठवत नाही.

बाबांना गोळाबेरीज जमतच नसे. आईनं "चहा कसा झालाय?" विचारलं तर "छान" हे उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. "साखर पाव चमचा जास्त." नाटकाहून आल्यावर "कसं होतं?" तर "पहिला अंक ठीक, दुसरा वीस मिनिटं लांब." आई म्हणे, "ह्यांच्याशी लग्न करताना मला पण काट्यावर टांगली असती, पण माहेरच्यांनी काटा लपवून ठेवला."

तर अशा घरातली मी एकुलती एक मुलगी, आणि मला डॉक्टर करायचं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते विचारू नका. मंडळात ते असंच ठरतं. ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, निकालानं ते मोडलं. केमिस्ट्रीनं माझी बॅग अर्धा किलो जड केली असं म्हणू. दुपारभर फोनवर बसून मी उरलेल्या जागा शोधल्या आणि दक्षिणेकडच्या एका समुद्रकाठच्या गावात कायरोप्रॅक्टिकच्या कोर्सला जागा मिळवली. मला तेव्हा त्या शब्दाचं स्पेलिंगही येत नव्हतं. आईनं दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी मंडळात जाहीर केलं, की वैजू मणक्यांची डॉक्टर होतेय. बाबा म्हणाले, "आमच्या गावात गणू हाडवैद्य होता. माणसांचे हात बसवायचा, शेळ्यांचे पाय बसवायचा. त्याला कुणी चार वर्षं कॉलेजला घातलं नव्हतं." त्यानंतर पूर्ण चार वर्षं त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. कार्गो शेडमध्ये पंचवीस वर्षं वाकून त्यांची स्वतःची कंबर गेलेली होती. सकाळी खुर्चीतून ते घडीच्या फूटपट्टीसारखे टप्प्याटप्प्यानं उठत. मी एकदा फक्त म्हटलं, "बाबा, मी बघू का?" तर म्हणाले, "आधी शेळ्या कर."

अभ्यासाचं सगळं सांगत बसत नाही, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली केसाची. बोटांना बारीक फरक कळावेत म्हणून आम्हाला एक सराव दिला होता: टेलिफोन डिरेक्टरीच्या पानाखाली एक केस ठेवायचा, डोळे मिटायचे आणि वरून चाचपून तो शोधायचा. जमला की आणखी एक पान, मग आणखी एक. सुट्टीत घरी आले की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे करत बसे. आईनं आयुष्यात कुणाच्या ताटात केस जाऊ दिलेला नाही. तिनं डिरेक्टरी उघडली, पानापानांत केस पाहिले आणि ती आख्खी डिरेक्टरी चिमट्यात धरून बागेत नेऊन ठेवली. दुसरी गोष्ट कणकेची. मणक्याला झटका देताना जोर लावायचा नसतो, वेग लावायचा असतो, हे शिक्षक वर्षभर सांगत होते आणि माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. एका शनिवारी आई मला पुरणपोळीची कणीक तिंबायला लावून मागून ओरडली, "अगं अंगानं काय रेटतेस, तळहाताच्या टाचेनं दे एक, नि सोड!" सोमवारी मला झटका जमला. शिक्षकांनी विचारलं, कुठे सराव केलास? मी म्हटलं, घरी. खरंच होतं.

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या क्लिनिकमध्ये खरे पेशंट तपासायचे होते आणि त्यातले ठरावीक संख्येनं पेशंट आपले आपण मिळवायचे होते. माझ्या वर्गातल्या इंग्लिश मुलांना ते सोपं होतं. त्यांचे रग्बी क्लब होते, पब होते, दुखऱ्या मानेचे मामा होते. मला एप्रिल उजाडला तरी नऊ पेशंट कमी पडत होते. ते झाले नाहीत तर वर्ष गेलं. मी हे फोनवर आईला सांगितलं, ही माझी पहिली चूक. ती म्हणाली, "नऊच ना? अगं, एवढ्या कंबरा तर आपल्या एका हळदीकुंकवाला येतात."

तिनं मंडळाची मिनीबस घेतली. तीन शनिवार ठरले: पहिल्या शनिवारी तपासणी, दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी उपचार आणि शेवटी फॉर्म. आठ काकू आणि एक पेडणेकरकाका, ज्यांना घरात बायको बोलू देत नसल्यानं ते कुठेही यायला तयार असत. गाडी चालवायला बाबा, कारण मिनीबस चालवण्याचं लायसन्स फक्त त्यांच्याकडे होतं. ते तिन्ही शनिवार पार्किंगमध्येच बसून राहिले. मांडीवर पेपर, शेजारी थर्मास, आणि क्लिनिकच्या दाराकडे पाठ.

तुम्ही कधी इंग्लिश वेटिंग रूम पाहिली असेल तर तिथली शांतता तुम्हाला माहीत असेल. पहिल्या शनिवारी सव्वाअकराला तिथे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. मग भडंग आलं. मग रिसेप्शनवरच्या पोरीला "खा गं, किती वाळलीयस" असं मराठीतच सांगण्यात आलं, आणि तिनं खाल्लं. गाऊन दिल्यावर नाईककाकूंनी तो साडीवरून घातला. माझे हात बारा महिने गार. पहिल्या काकूंच्या पाठीला मी हात लावला तेव्हा आतून जी किंकाळी गेली ती ऐकून बाहेर पुऱ्या थांबल्या. (आज बर्मिंगहॅमला माझं स्वतःचं क्लिनिक आहे आणि तिथल्या खणात गरम पाण्याची पिशवी असते, अगदी जूनमध्येसुद्धा. पेशंट विचारतात कशाला. ते शेवटी सांगते.)

दुसऱ्या शनिवारी उपचार सुरू झाले आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सांधा सुटताना जो आवाज होतो, तो हाडाचा नसतो, आतल्या द्रवातल्या बुडबुड्याचा असतो, आणि त्यावरून गुण आला की नाही हे ठरत नाही. हे मी प्रत्येकीला समजावून सांगितलं. पण आमच्या बायका. लहान मुलाची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडताना जितकी वाजतील तितकी दृष्ट मोठी, हे ज्यांच्या रक्तात आहे त्यांना बुडबुडा काय सांगणार? बाहेर हिशेब सुरू झाला. "माझी पाच वाजली." "माझी सात. वैजू म्हणाली, फार धरलं होतं." मी तसं म्हटलं नव्हतं. कुलकर्णीकाकूंची हाडं ठिसूळ होती, त्यांना झटका देणं बरोबर नव्हतं. मी त्यांना अर्धा तास हलक्या हातानं सगळ्यांत काळजीपूर्वक उपचार दिले. त्या बाहेर आल्या तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "किती?" त्यांचं एकही वाजलं नव्हतं.

तिसरा शनिवार फॉर्मचा. फॉर्मवर शून्य ते दहा अशी आकड्यांची ओळ होती: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून वाईट दुखणं कल्पनेत बसणार नाही. पहिल्या वेळी तो मी शेजारी बसून भरून घेतला होता. शेवटच्या वेळी विद्यार्थ्यानं खोलीत थांबायचं नाही असा नियम, म्हणजे पेशंट भिडेपोटी काही लिहिणार नाहीत. मी आत गादी पुसत होते. बाहेर नऊ जण, नऊ पेनं, मिनीबसमध्ये विसरलेले चष्मे, आणि आई. आईला मी आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं, "उद्याच्या फॉर्मवर माझं पास-नापास आहे." ही माझी दुसरी चूक.

सोमवारी हेदरबाईंनी मला बोलावलं. हेदर आमच्या क्लिनिकच्या प्रमुख; सगळे त्यांना नुसतं हेदर म्हणत, पण शिक्षिकेला एकेरी नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नसे, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना हेदरबाई म्हणे. उंच, कोरड्या, कधी न हसणाऱ्या. त्यांच्यासमोर नऊ फॉर्म पसरले होते.

"बस," त्या म्हणाल्या. "तुझ्या नऊ पेशंटांपैकी आठ जण आले तेव्हा चार, पाच, सहावर होते. तुझे उपचार झाल्यावर आठही जण दहावर आहेत. एकानं दहाच्या पुढे एक तारा काढलाय. मी तेवीस वर्षं शिकवतेय. सगळ्या पेशंटांना इतक्या सरसकट इजा केलेला विद्यार्थी मी पाहिला नाही."

मी फॉर्म पाहिले. आईचं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू आलं, तिथे नसताना. 'पोरीचं पास-नापास आहे, हात आखडू नका.'

"आणि ही एक," हेदरबाईंनी नववा फॉर्म पुढे केला, "मिसेस कुलकर्णी. सातवरून शून्य. पूर्ण बऱ्या. हिच्यावर तू काय केलंस ते मला सविस्तर हवंय."

हा फॉर्म मिसेस कुलकर्णींनी रागानं भरला होता एवढंच मला माहीत होतं. शून्य इतकं दाबून लिहिलं होतं की कागद फाटला होता. गप्प राहिले असते तर निदान एक यश पदरात पडत होतं. पण बाबांच्या घरात वाढलं की हे जमत नाही. मी सगळं सांगितलं. हे आकडे दुखण्याचे नाहीत, मला दिलेले मार्क आहेत. आठ जणांनी मला पैकीच्या पैकी दिलेत आणि कुलकर्णीकाकूंनी भोपळा.

हेदरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "शक्य आहे. पण हे सांगणारी तूच आहेस. मी माझ्या सहकाऱ्याला सगळ्यांना फोन करायला सांगते. तू तोपर्यंत कुणाशी बोलायचं नाही."

मी कुणाशी बोलले नाही. फक्त आईचा फोन आला तेव्हा "आई, तू काय करून ठेवलंस!" एवढं एकच वाक्य बोलून ठेवून दिला. तिला तेवढं पुरलं. मंगळवारी तिनं नऊ फोन केले. बुधवारी क्लिनिकमधून नऊ फोन गेले. गुरुवारी हेदरबाईंसमोर नवे आकडे होते: शून्य, शून्य, शून्य, ओळीनं नऊ शून्यं. पेडणेकरकाकांनी तर दुखणं विचारायच्या आधीच "झीरो, थँक यू" म्हणून फोन ठेवला होता.

"शनिवारी असह्य वेदना, बुधवारी सगळे ठणठणीत," हेदरबाई म्हणाल्या. "आता मला इजेची काळजी नाही. आता मला वाटतं की पेशंटांना पढवलं गेलंय. आणि ते जास्त वाईट आहे. इजा चुकून होते." पेशंट पढवल्याचा शिक्का बसला तर नुसतं वर्ष जात नाही, व्यवसाय करायला ज्या सरकारी रजिस्टरवर नाव लागतं त्यावर चढायची वाटच बंद होते. त्या म्हणाल्या, "शनिवारी त्यांना परत बोलाव. मी स्वतः एकेकीशी बोलेन. तू खोलीबाहेर."

चौथ्या शनिवारी मिनीबसमधून कुणी गात आलं नाही. डबेही कमी होते, फक्त वड्या. हेदरबाई एकेकीला आत बोलावत आणि दाराबाहेर मला एकच शब्द ऐकू येई, "झीरो!" तोही विजयी. नाईककाकू लंगडत आत गेल्या, झीरो म्हणाल्या आणि भिंतीला धरून बाहेर आल्या. आई कोपऱ्यात बसून प्रत्येकीला नजरेनं शाबासकी देत होती. मी तिच्याजवळ जाऊन दातओठ खात म्हटलं, "आई, खरं सांगू दे त्यांना!" ती म्हणाली, "खरं सांगून कुणाचं भलं झालंय? ह्यांच्याकडे बघ."

आणि खरंच, आम्ही खिडकीतून बघितलं. पाच जणींनंतर हेदरबाई वैतागून मोकळ्या हवेवर पार्किंगमध्ये गेल्या होत्या. नेमके तेव्हाच बाबा ड्रायव्हरच्या सीटवरून उतरत होते. एक पाय, थांबणं; हात कमरेवर, थांबणं; दुसरा पाय. फूटपट्टी उलगडायला अर्धं मिनिट लागलं. हेदरबाई त्यांच्याजवळ गेल्या. पुढचं मला बाबांनी आणि हेदरबाईंनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही हकिकती तंतोतंत जुळल्या, म्हणून देते.

"दुखतंय?" त्या म्हणाल्या. "शून्य ते दहा, किती?"

"शून्य कुठे धरायचं?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"काटा आधी शून्यावर आणावा लागतो. शून्य म्हणजे अजिबात नाही, की एरवी असतं तेवढं? आणि दहा म्हणजे काय?"

हेदरबाईंनी समजावून सांगितलं. बाबांनी वेळ घेतला. एकदा वाकून पाहिलं, एकदा डावीकडे वळून पाहिलं. "साडेसहा," ते म्हणाले. "वळताना पावणेसात."

हेदरबाई त्यांना दंडाला धरून आत घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "हा तुझा पेशंट. नियमाप्रमाणे, पहिल्यापासून. मी बघते."

बाबा म्हणाले, "मी फक्त पाय मोकळे करायला उतरलो होतो." पण शिक्षिकेचं ऐकायचं ही त्यांची पिढी. दीड तास मी माझ्याच बापाला विचारत होते, कुठे दुखतं, कधीपासून, झोप लागते का, आणि ते माझ्याच्यानं चार वर्षांत न विचारवलेल्या प्रश्नांची दशांश चिन्हासकट उत्तरं देत होते. रात्री तीनदा जाग येते हे आईलाही माहीत नव्हतं. मग ते पालथे झोपले. बाहेर इतकी शांतता होती की एखादी इंग्लिश वेटिंग रूमच वाटावी. मी तळहाताची टाच लावली, त्यांचा श्वास सुटण्याची वाट पाहिली, आणि कणीक आठवली. एकच वाजलं. भिंतीपलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "एक!"

बाबा उठून बसले, मान वळवून पाहिली, कंबर वळवून पाहिली. हेदरबाईंनी पेन उचललं. "आता?"

बाप असला म्हणून काय, हा माणूस अर्धा किलो सोडत नाही.

"साडेपाच," बाबा म्हणाले.

"एकच अंक कमी?" हेदरबाईंनी विचारलं.

"एकच झालाय. वळताना सव्वा कमी."

हेदरबाई हसल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. फॉर्मवर अर्ध्याला चौकट नव्हती, म्हणून त्यांनी पाच आणि सहाच्या मध्ये रेघ मारली आणि म्हणाल्या, "मिस्टर सावंत, तुमच्या भाषेत माझं एक काम कराल?"

बाबा वेटिंग रूममध्ये गेले. मी दाराआडून ऐकत होते. "वहिनी," ते म्हणाले, "हे मार्क नाहीत. वजन आहे. किती ओझं होतं आणि किती उरलंय, तेवढंच सांगायचं. जास्त सांगितलं तरी पोरगी अडकते, कमी सांगितलं तरी अडकते." आई काही बोलायला गेली, तर म्हणाले, "तू मधे बोट लावू नकोस, काटा हलतो." ह्या सगळ्या बायकांच्या बॅगा वर्षानुवर्षं त्यांच्याच काट्यावर टांगल्या गेल्या होत्या. त्यांच्यासमोर वजनाचं खोटं बोलायची कुणाचीच छाती नव्हती. आकडे आले: तीन, साडेतीन, चार, दोन. पेडणेकरकाका पाव. नाईककाकू म्हणाल्या, "खरं सांगू भाऊजी? गुडघा होता तसाच. सहा." कुलकर्णीकाकू सगळ्यांत शेवटी, भिंतीकडे बघत, "चार. सातावरून. पण माझं वाजलं नाही ते नाहीच."

हेदरबाईंनी सगळे आकडे लिहून घेतले. "हे पेशंटांचे आकडे दिसतात," त्या म्हणाल्या. "काही बरे, एक तसाच." नाईककाकूंच्या सहाचा तर मला फायदाच झाला, त्यांच्या गुडघ्याचे एक्स-रे काढायला जीपीकडे, म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे, पाठवावं हे मी आधीच फाइलमध्ये लिहिलं होतं. सही झाली. फाइलच्या कडेला त्यांनी एक ओळ लिहिली, जी मला आजही पाठ आहे: यापुढे फॉर्म भरताना विद्यार्थिनीच्या आईस इमारतीत प्रवेश देऊ नये.

परतताना मिनीबसमध्ये वड्या संपल्या, गाणी परत सुरू झाली. मी पुढे बाबांशेजारी बसले होते. आईला मागच्या सीटवर चैन पडत नव्हतं. शेवटी तिनं मान पुढे घातलीच. "अहो, दुखण्याचं कळलं हो. पण समजा मार्क द्यायचे असते, तर पोरीला किती दिले असते?"

बाबांनी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, लेन बदलली. एवढा वेळ लागला म्हणजे ते मोजत होते.

"साडेनऊ."

"अर्धा कशाला कापला मेला!"

"हात गार होते," बाबा म्हणाले.